बाबांची नाइट, आईचा टायमर

‘अरे यार, कालचा एपिसोड चुकला!’ हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? नाही ना आठवत? कारण आता काही चुकतच नाही. ऑफिसातून रात्री दहाला घरी या नाहीतर अकराला, सिरियल बिचारी तुमची वाट बघत बसलेली असते. बघता बघता झोप लागली तरी टेन्शन नाही. उद्या लोकलमध्ये, नाहीतर कॅबमध्ये, जिथे डोळा लागला तिथून पुढे चालू!

या सुखाला एक जुनं नाव आहे. टाइम शिफ्ट. सोनीने 1975 मध्ये बीटामॅक्स बाजारात आणला, तेव्हा कंपनीचे अकिओ मोरिता हेच दोन शब्द घेऊन मार्केटिंगला उतरले होते. टीव्हीवाल्यांनी ठरवलेली वेळ तुमच्यावर का म्हणून लादायची? तुम्ही तुमच्या वेळेला बघा. पुढच्याच वर्षी जेव्हीसीने व्हीएचएस आणलं आणि आपल्याकडे बहुतेक घरांत जी जाडजूड काळी कॅसेट आली ती हीच.

मी घुग्घुसचा. चंद्रपूरपासून पंचवीसेक किलोमीटर, वर्धा नदीच्या काठावर. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, वणी तालुका. आजूबाजूला निलजई, नायगाव, मुंगोली अशा कोळशाच्या खाणी. गावाला लागून सिमेंटचा कारखाना, त्याची वसाहत सिमेंटनगर. अशा गावात ‘शिफ्ट’ हा शब्द पोरगं आई-बाबा म्हणण्याआधी शिकतं असं आम्ही गमतीने म्हणायचो. फर्स्ट म्हणजे सकाळी सहा ते दोन. सेकंड म्हणजे दोन ते दहा. आणि नाइट, दहा ते सहा. माझे बाबा ओपनकास्टमध्ये डंपर चालवायचे. आठवडा बदलला की पाळी बदलायची, आणि पाळीबरोबर आमच्या घरातलं जेवण, झोप, रेडिओचा आवाज, सगळंच बदलायचं.

म्हणजे मोरितांनी जपानमध्ये बसून जे मशीन विकायला काढलं होतं, ते खरं तर आमच्यासारख्यांसाठीच होतं की!

रविवार, सकाळी नऊ

आता जरा गणित मांडा. ‘महाभारत’ 2 ऑक्टोबर 1988 ला सुरू झालं आणि 24 जून 1990 पर्यंत चाललं. एकूण 94 भाग, रविवारी सकाळी नऊला. त्याआधी ‘रामायण’ही तसंच, रविवार सकाळचं. देशभरात रस्ते ओस पडायचे म्हणतात. आमच्या खाणींचे रस्ते काही ओस पडत नव्हते. रविवारच्या ड्यूटीला पैसे जास्त, ती कोण सोडणार? बाबा फर्स्टला असले तर नऊ वाजता डंपरवर. नाइट करून आलेले असले तर नऊ वाजता गाढ झोपेत. सेकंड असली तरच घरात आणि जागे. तीन रविवारांत एक! कुरुक्षेत्रावर पोचेपर्यंत बाबांचे निम्म्याहून जास्त पांडव हुकलेले होते.

1989 मध्ये एरिअर्सचे पैसे हातात पडले आणि बाबांनी व्हीसीआर आणला. तोही सेकंडहँड. कॉलनीत तोवर व्हीसीआर भाड्याने आणायची पद्धत होती. शनिवारी रात्री वर्गणी काढायची, एक मशीन आणि तीन-चार पिक्चर आणायचे, अंगणात टीव्ही मांडायचा आणि सकाळपर्यंत सगळे संपवायचे. आमच्या लाइनीत तेलुगू बोलणारी घरं बरीच, त्यामुळे एक कॅसेट हैदराबादकडची हवीच. डायलॉग कळायचे नाहीत, पण फायटिंगला भाषा कशाला लागते? भाड्याचं ते मशीन बहुतेक वेळा व्हीसीपी असायचं. त्यावर नुसतं बघता यायचं, रेकॉर्ड करता यायचं नाही. बाबांनी हट्टाने ‘आर’वालाच घेतला. दुकानदाराला म्हणाले होते, “मले पिक्चर नाही पाहाचे भाऊ. मले रविवार पाहिजे.”

रविवार बाबांना पाहिजे होता, पण तो पकडून ठेवायचं काम पडलं आईकडे.

वहीचं शेवटचं पान

मशीनबरोबर इंग्रजी मॅन्युअल आलं होतं. आई मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. तिने शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून महत्त्वाची पानं वाचून घेतली आणि मग माझ्या जुन्या दोनशेपानी वहीच्या मागच्या पानांवर स्वतःचं मॅन्युअल लिहिलं. ती वही आजही आहे. तिच्यातली काही वाक्यं अशी:

‘आधी खिट्टी बघावी.’ कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा असायचा. तो मोडला की त्या कॅसेटवर नवीन काही रेकॉर्ड होत नसे. जपून ठेवायच्या कॅसेटचं हेच कुलूप. रेकॉर्डचं बटण दाबूनही मशीन ढिम्म हलत नसेल, किंवा कॅसेटच बाहेर फेकत असेल, तर दहात आठ वेळा खिट्टी मोडलेली निघायची. मग भोकावर चिकटपट्टी लावायची की कुलूप उघडलं!

‘घड्याळ रेडिओच्या बातम्यांवर लावावे.’ वीज गेली की व्हीसीआरचं घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकत बसायचं आणि लावलेला टायमरही पुसला जायचा. आमच्या जिल्ह्यातल्या कोळशावर अर्ध्या महाराष्ट्रात दिवे लागतात, पण आमची वीज जायची ती जायचीच. त्यामुळे वीज आली की आईचं पहिलं काम देवापुढचा दिवा बघणं आणि दुसरं व्हीसीआरचं घड्याळ.

‘टीव्हीवर दिसते ते रेकॉर्ड होत नाही. मशीनवर लावलेले होते.’ हा धडा केबल आल्यावरचा. व्हीसीआरला स्वतःचा ट्यूनर असतो हे कितीतरी घरांना कधी कळलंच नाही. वायर आधी व्हीसीआरमध्ये जायची आणि तिथून टीव्हीत. टीव्हीवर तुम्ही काहीही बघा, कॅसेटवर उतरणार ते व्हीसीआरने पकडलेलं चॅनल. हे एकदा कळलं की दुहेरी फायदा. एक चॅनल बघत दुसरं रेकॉर्ड करता यायचं. आणि कळलं नाही की क्रिकेटच्या जागी तीन तास कृषीविषयक चर्चा! आमच्या लाइनीत अशा दुर्घटनेनंतर दोन भाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

‘टायमर लावल्यावर मशीन बंद करावे.’ सगळ्यात उलटं वाटणारा नियम. मशीन चालू ठेवलं तर टायमर चालत नसे. त्याला ‘टायमर’वर टाकून झोपवायचं, मग ते वेळेवर आपोआप उठायचं. आईने पुढे कंसात लिहिलं आहे: ‘(यांच्यासारखे)’.

‘पाच मिनिटं आधी, पंधरा मिनिटं नंतर.’ कार्यक्रम वेळेवर सुरू होईल याची खात्री नसायची, आणि वेळेवर संपेल याची तर त्याहून नाही.

‘पावसाळ्यात घाई करू नये.’ आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर आणि जून संपता संपता सगळं ओलं. हवेतली वाफ आतल्या ड्रमवर धरली की मशीन अडून बसायचं. ओल्या ड्रमला टेप चिकटू नये म्हणून आत एक सेन्सर असतो. जबरदस्ती केली तर टेपचा चोथा. आई मशीन नुसतंच चालू करून ठेवायची, आतल्या उबेने ते तास-दीड तासात वाळायचं आणि शहाण्यासारखं वागायला लागायचं.

आणि शेवटी एकच शब्द, खाली दोन रेघा मारून: ‘धूळ.’

कोळशाची धूळ आणि शर्टाच्या बाह्या

घुग्घुसमध्ये धूळ दोन रंगांची. काळी आणि करडी. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं बनियन संध्याकाळी कुठल्या रंगाचं होतं त्यावरून वारा खाणीकडून आला की कारखान्याकडून हे कळायचं. ही धूळ व्हीसीआरच्या पोटात गेली की काय होत असेल?

टेपची रुंदी अर्धा इंच. ती सरळ धावत नाही, एका तिरक्या ड्रमला गुंडाळून पुढे सरकते. सरकण्याचा वेग सेकंदाला जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. पण ड्रम स्वतः मिनिटाला 1500 फेऱ्या मारतो आणि त्याच्या कडेला बसवलेली बारीक हेड्स टेपवर तिरप्या रेघा ओढत जातात. एक रेघ म्हणजे अर्धं चित्र. सेकंदाला पन्नास रेघा, पंचवीस चित्रं. त्या हेडमधली फट इतकी सूक्ष्म की धुळीचा एक कण तिला बुजवायला पुरेसा. मग पडद्यावर चित्राच्या जागी नुसत्या मुंग्या!

आईने मुंग्यांचे प्रकार पाडले होते. सगळा पडदा मुंग्यांचा म्हणजे हेड माखलं. खाली किंवा वर एकच पट्टा थरथरतोय म्हणजे ट्रॅकिंग, बटण हळूहळू फिरवायचं. एकाच कॅसेटला मुंग्या, बाकीच्या ठीक, म्हणजे कॅसेटचा दोष, मशीनला हात लावायचा नाही. आवाज गहिरा झाला, माणसं झोपेत बोलल्यासारखी बोलायला लागली, म्हणजे बेल्ट नाहीतर रबराचं चाक. हे निदान नव्वद टक्के बरोबर असायचं. पुढे तर लोक तिलाच विचारायला यायचे. “वहिनी, आमचं मशीन कॅसेट खाऊन राहिलं, काऊन जी?” आणि आई कणीक मळता मळता सांगायची, “गुंडाळणारं चाक फिरत नसेल. कॅसेट ओढू नका, टेप तुटेल. झाकण उघडून बोटाने चाक फिरवा, मग काढा.”

हेड मात्र ती स्वतः साफ करायची नाही. त्यासाठी चंद्रपूरहून मेकॅनिक यायचे. पहिल्यांदा ते आले तेव्हा बाबांनी हेडच गेलं समजून पैशांची जमवाजमव केली होती. त्यांनी झाकण उघडलं, आत टॉर्च मारला आणि म्हणाले, “हेड गेलं नाही जी, माखलं हाय. एवढी धूळ तं आमच्या डांबरी रोडवर नाही.” मऊ चामड्याच्या तुकड्यावर स्पिरिट घेऊन त्यांनी तो ड्रमला आडवा धरला आणि ड्रम हाताने फिरवला. वर-खाली घासलं की हेड तुटतं, हे त्यांनी आईला तीनदा सांगितलं. तीनदा का, तर ती जवळ बसून लिहीत होती.

त्या दिवसापासून आमच्या व्हीसीआरला बाबांच्या जुन्या शर्टाचं कव्हर आलं. बाह्या मागे बांधलेल्या. घरी येणाऱ्याला वाटायचं, टीव्हीखाली कुणीतरी हाताची घडी घालून बसलं आहे.

शारजातलं वादळ, घुग्घुसमधली कॅसेट

आई कशासाठी एवढं करत होती, ते मला कळलं एप्रिल 1998 मध्ये. मी तेव्हा अठरा वर्षांचा, बारावीचा निकाल लागायचा होता. बाबांची नाइट चालू. 22 एप्रिलला शारजात भारत-ऑस्ट्रेलिया. ऑस्ट्रेलियाचे 284. आपली बॅटिंग सुरू झाली आणि बाबा डबा उचलून निघाले. दारातून फक्त एवढंच म्हणाले, “सकाळी कोणी काही सांगायचं नाही. अजिबात नाही.”

आता अडचण बघा. कॅसेट तीन तासांची. पन्नास ओव्हरचा डाव, मधल्या जाहिराती धरल्या तर, त्याहून लांबतो. म्हणजे कॅसेट संपणार आणि नेमका शेवट जाणार. उपाय एकच. प्रत्येक ओव्हर संपली की पॉज, बोलर धावायला लागला की पुन्हा रेकॉर्ड. आई रिमोट घेऊन खाली सतरंजीवर बसली. मॅच बघायची सोय नाही, लक्ष सगळं ओव्हरकडे.

आणि मध्येच वाळूचं वादळ! खेळाडू जमिनीवर आडवे पडले. आपण सगळे त्या वादळाच्या गोष्टी आजही सांगतो, पण त्या वेळी आईपुढे वेगळाच पेच होता. पॉज किती वेळ ठेवणार? टेप एकाच जागी हेडवर घासली जाऊ नये म्हणून पाचेक मिनिटांनी मशीन आपणच पॉज सोडून थांबतं. तसं ते थांबलं. आईने काउंटरचा आकडा वहीत लिहून ठेवला आणि पडद्याकडे बघत बसली. वादळ ओसरलं, टार्गेट बदललं, 46 ओव्हरमध्ये 276. फायनलला जायला 237 पुरे. आई पुन्हा ओव्हर मोजायला लागली. सचिनने 131 चेंडूंत 143 केले. मॅच आपण 26 धावांनी हरलो, पण फायनलला गेलो. टेपवर थोडीशी जागा उरली होती.

सकाळी साडेसहाला बाबा आले ते डोक्याला टॉवेल गुंडाळून. कानावरून. खाणीत कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर रात्रभर चर्चा चालली होती म्हणे, आणि हे डंपरच्या काचा वर करून बसले होते. एप्रिलमध्ये! बस स्टॉपवर कुणी ‘सचिन’ म्हटलं की हे रस्त्याच्या पलीकडे. चहा घेतला, पाय धुतले आणि सतरंजीवर बसले. सकाळच्या साडेसात वाजता आमच्या घरात रात्र झाली आणि शारजातले दिवे लागले. आई त्यांच्या शेजारी बसून तीच मॅच पहिल्यांदा नीट बघत होती.

दोन दिवसांनी, 24 तारखेला, फायनल. सचिनचा पंचविसावा वाढदिवस, 134 धावा, आपण सहा विकेट्सनी जिंकलो. बाबा पुन्हा डंपरवर, आई पुन्हा सतरंजीवर.

सत्तर हजार कॅसेट्सची बाई

घरी बसून टीव्ही रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे का, हा प्रश्न अमेरिकेत थेट सुप्रीम कोर्टात गेला होता. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी सोनीवर खटला भरला होता. 17 जानेवारी 1984 ला निकाल लागला, पाच विरुद्ध चार, आणि घरगुती टाइम शिफ्टिंगला कोर्टाने मोकळीक दिली. लहान मुलांचा लाडका कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स यांची साक्ष कोर्टाने विचारात घेतली होती. मुलांचे कार्यक्रम रेकॉर्ड झाले तर कुटुंबं ते आपल्या सोयीच्या वेळी एकत्र बघू शकतील, असं त्यांचं म्हणणं. एका मताने बाजू फिरली असती तर व्हीसीआरचं काय झालं असतं कोण जाणे!

आणि एक बाई अशी होती जिने काहीच सोडलं नाही. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स. 1979 पासून 2012 मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्यांच्या घरात टीव्हीवरच्या बातम्या अखंड रेकॉर्ड होत राहिल्या. एका वेळी अनेक मशीन्स. कॅसेट बदलायची वेळ झाली की हॉटेलातलं जेवण अर्धं टाकून घरी पळायचं. सत्तर हजारांहून जास्त कॅसेट्स जमल्या. टीव्ही चॅनल्सनी स्वतःच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या होत्या, त्यामुळे बाईंच्या कॅसेट्सना आज अभ्यासक मोलाचं मानतात. त्यांच्यावर ‘रेकॉर्डर’ नावाची डॉक्युमेंटरीही आली, 2019 मध्ये.

आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, “त्या कुणासाठी करत होत्या?”

मी म्हटलं, सगळ्यांसाठी. पुढच्या लोकांसाठी.

“अवघड आहे,” ती म्हणाली. “मला एकाचं करताना दम लागायचा.”

फेकायच्या की ठेवायच्या?

आता खरा प्रश्न. रिटायर झाल्यावर कंपनीचं क्वार्टर सोडावं लागतं. आई-बाबा गावातल्या घरात राहायला गेले, कॅसेट्स ट्रंकेत गेल्या. बाबा 2019 मध्ये गेले. गेल्या हिवाळ्यात घराला रंग द्यायचा म्हणून ट्रंक उघडली. 38 कॅसेट्स. प्रत्येकीवर आईच्या अक्षरातली चिठ्ठी, जुनी नावं खोडून नवी लिहिलेली. कारण नव्या कॅसेट्स घ्यायला पैसे नसायचे, एकीवरच चार-चारदा रेकॉर्डिंग व्हायचं. दर महिन्याला काय पुसायचं हा निर्णय घ्यावा लागायचा. ‘महाभारता’चे भाग असेच पुसले गेले, उरला फक्त कर्णाच्या शेवटाचा. तो बाबांनी खिट्टी मोडून वाचवला होता. वर लिहिलं आहे: ‘कर्ण. पुसू नये. – ह्यांचे.’

आईचं मत स्पष्ट होतं. “फेकून दे. सगळं मोबाइलवर आहे.”

आणि ते खरंच आहे! कर्णही आहे, शारजाही आहे, माझ्या कॅसेटपेक्षा दहापट स्वच्छ. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर दूरदर्शनने ‘रामायण’, ‘महाभारत’ पुन्हा दाखवलं. आईने ते सगळे भाग वेळेवर, एकटीने बघितले. आता कुणाच्या ड्यूटीचा प्रश्न नव्हता.

मग कशाला ठेवायच्या? मी सुद्धा जवळजवळ तयार झालो होतो. पण फेकण्याआधी एकदा बघू म्हटलं. मशीन शोधणं हीच मोठी मोहीम झाली. जपानची फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, तिनेही जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. आमच्या जुन्या मशीनचा बेल्ट पापडासारखा कडक झाला होता. चंद्रपुरात एकांनी तो बदलून दिला. सहा कॅसेट्सच्या रिळांवर पांढरी बुरशी, त्या बाजूला काढल्या. बाकीच्या लावल्या.

घरातलं कुणी त्यांत दिसत नाही, कुणाचा आवाजही नाही. व्हीसीआर टीव्ही रेकॉर्ड करतो, खोली नाही. तरीही 22 एप्रिलची मॅच बघताना मला पहिल्या पाच मिनिटांत आई दिसायला लागली. प्रत्येक ओव्हरनंतर चित्र एकदा थरकतं आणि थेट बोलरचा रनअप. एकही जाहिरात नाही. एखाद्या ठिकाणी पहिला चेंडू अर्धा गेला आहे, तिथे तिचा हात उशिरा पडला असणार. वादळाच्या जागी एक मोठा सांधा. तीन तासांत पंचेचाळीस वेळा तिने बटण दाबलं होतं, नाइट करून आलेल्या माणसाला झोपायच्या आधी सगळा डाव बघता यावा म्हणून.

आणि फायनलच्या कॅसेटवर, सचिन रंगात आल्यावर, सलग तीन ओव्हर्सच्या जाहिराती जशाच्या तशा आहेत. साबण, टायर, थंड पेय, सगळं! मी आईकडे बघितलं. ती हसायला लागली. “तेव्हा मी पण बघत होते ना रे!”

हे मोबाइलवर नाही.

तुमच्याकडेही असतील

तुमच्याही माळ्यावर अशा कॅसेट्स असतील तर थोडं ऐका. घाईने मशीनमध्ये घालू नका. खिडकीतून आतलं रीळ उजेडात बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट चांगल्या मशीनला लावायची नाही, आधी साफ करून घ्यायची. नाहीतर बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. खिट्टी आधीच मोडून टाका, म्हणजे चुकून पुसलं जायची भीती नाही. खूप वर्षं पडून असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली असेल तर तिची पद्धत वेगळी, एनटीएससी. आपली पाल. साध्या मशीनवर चित्र काळं-पांढरं दिसेल नाहीतर घरंगळेल, तेव्हा कॅसेट बिघडली समजू नका.

कॉम्प्युटरवर उतरवायचं तर व्हीसीआरच्या मागच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या वायरी आणि एक छोटं कॅप्चर यंत्र एवढंच लागतं. शॉर्टकट मात्र नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. फाइल झाली की एक प्रत दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवा. कॅसेट्स उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब आणि उन्हापासून त्याहून लांब.

सगळ्या वाचवता येणार नाहीत. टेपवरचा थर दर वर्षी थोडा थोडा उतरतो, हेड्स नवी मिळत नाहीत आणि ती बसवणारे हातही कमी होत चालले आहेत. त्यामुळे निवडावं लागेल. निवडताना कार्यक्रम काय आहे एवढंच बघू नका. तो कुणी, कुणासाठी पकडला होता तेही विचारा. उत्तर देणारं माणूस समोर असेपर्यंत.

माझी टाइम शिफ्ट आता हातातल्या फोनवर चालते. मी पुण्यात रात्री बाराला बघतो, बायको सकाळी ट्रेडमिलवर, पोरगा कधी बघतो देव जाणे. कुणालाच कुणासाठी थांबावं लागत नाही, कुणी कुणासाठी काही धरून ठेवत नाही. सोय उत्तमच आहे, तक्रार नाही. फक्त ‘तुझ्यासाठी ठेवलंय’ हे वाक्य आमच्या घरात आता जेवणापुरतं उरलं आहे.

38 पैकी पाच कॅसेट्स उतरवल्या. कर्ण, शारजाच्या दोन, आणि ‘टिपरे’चे भाग असलेल्या दोन, कारण त्यातही बाबांची नाइट होती. चारांच्या खिट्ट्या मी मोडल्या, कर्णाची बाबांनी आधीच मोडलेली. बाकीच्या गोणीत भरत होतो, तेवढ्यात आईने त्यातली एक काढून घेतली. चिठ्ठी नसलेली, बहुतेक कोरी.

“ही कशाला?”

“राहू दे एक,” ती म्हणाली. “लागली कधी तर.”

बाबांच्या शर्टाखाली, मशीनवर, ती ठेवली आहे.